‘मुलासमोर आम्ही भांडत नाही’

भांडुपहून एका आईने विचारलं आहे. मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत. धाकटी बहीण पाच वर्षांची. घर वन रूम किचन, सोबत सासूबाई. दिवाळीनंतर नवऱ्याची नोकरी गेली, आता मिळेल ते काम करतात. घराचा हप्ता आईच्या पगारावर. दोघांत खटके उडतात, ‘पण मुलासमोर नाही, मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरात’. काही महिन्यांपासून मुलाचं पोट दुखतं, विशेषतः रविवारी रात्री आणि शाळेच्या दिवशी सकाळी. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. शाळेतून तक्रार नाही, उलट बाई म्हणतात की शांत आणि समजूतदार आहे. घरी मात्र बहिणीच्या अंगावर धावून जातो. सासूबाईंचं म्हणणं, ‘गिरणी संपात आम्ही चणे-कुरमुऱ्यांवर दिवस काढले, पोरं खंबीर झाली. आताच्या पोरांना काही सोसतच नाही.’ नवऱ्याने मे महिन्यातल्या एका शिबिराची माहिती आणली आहे, मुलांना मनाने कणखर करणारं. पाठवावं का?

ताई, शिबिराचं उत्तर आधी देते. त्याला जायचं असेल, मित्र जात असतील आणि पैसे जड होत नसतील तर मजा म्हणून पाठवा. पोटदुखीवर इलाज म्हणून पाठवू नका. शिबिरात दोरीवरून चालून मूल दोरीवरून चालायला शिकतं; घरात बाबा दोन दिवस आईशी बोलत नसताना शाळेला कसं जायचं, हे तिथे कुणी शिकवत नाही. शिवाय ‘तुला कणखर करायला पाठवतोय’ असं त्याच्या कानावर पडलं, तर तो त्याचा अर्थ एकच काढेल: घरात जे बिघडलंय ते माझ्यामुळे.

पोट खरंच दुखतंय, हे आधी घरातल्या सगळ्यांनी मान्य करा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे नाटक ठरत नाही. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंमार्फत संदेशांची सतत देवाणघेवाण चालू असते. ताणात आतड्यांची हालचाल बदलते, आणि एरवी जाणवणारही नाही इतकी कळ मोठी वाटू लागते. सहा ते बारा वयात पोटदुखी आणि डोकेदुखी ही ताण बाहेर पडण्याची अगदी नेहमीची वाट आहे, कारण ‘मला काळजी वाटते’ असं वाक्य करून सांगणं या वयाला बऱ्याचदा जमत नाही. वजन घटत असेल, दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, शौचातून रक्त, वारंवार उलट्या किंवा ताप असेल, किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखत असेल, तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जा. त्यात माझं ऐकत बसू नका.

रविवार रात्र म्हटलं की सगळ्यांचं बोट शाळेकडे जातं. तिथे कुणी त्रास देतंय का, जाता-येता वाटेत काही घडतं का, हे विचाराच. पण मी या वयाची जी मुलं बघते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना शाळेत जाण्याची धास्ती नसते, घर सोडून जाण्याची असते. ‘मी नसताना घरी काय होईल?’ काम नसेल त्या दिवशी बाबा घरी, आई कामावर, आजी काहीतरी बोलणार, बाबा भडकणार. मूल घरात असलं की त्याला निदान दिसतं तरी. तुम्ही एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पोट दुखलेल्या दिवशी बारीक खूण करा, आणि शेजारी आदल्या रात्री घरात काय झालं ते एका शब्दात. त्याला न सांगता. महिनाभराने ते पान तुम्हालाच काहीतरी सांगेल, आणि ते माझ्या अंदाजापेक्षा खरं असेल.

आता या वयाबद्दल, कारण नेमकं हे वय घरात दुर्लक्षित राहतं. लहान मूल रडून लक्ष वेधतं, चौदा-पंधराचं मूल दार आपटून निघून जातं. नऊ-दहाचं मूल शहाणं दिसतं, म्हणून सगळे त्याला सोडून देतात. त्याची समज मात्र याच काळात झपाट्याने वाढलेली असते. त्याला बेरीज-वजाबाकी येते. हप्ता किती, पगार किती, याचा हिशेब तो मनात मांडतो. सात-आठ वर्षांनंतर मुलं स्वतःची तुलना दुसऱ्यांशी नीट करू लागतात, म्हणून ‘माझ्या बाबांना नोकरी नाही’ हे त्याला बोचतं, पाच वर्षांच्या बहिणीला बोचत नाही. याच वयात चेहऱ्यावर एक आणि मनात एक ठेवता येऊ लागतं. बाईंना दिसणारा समजूतदारपणा काही अंशी हाच आहे. दिवसभर धरून ठेवलेलं तो घरी येऊन बहिणीवर काढतो, कारण तिथे काढलं तर नोकरी जात नाही, की मैत्री तुटत नाही. मोठी माणसंही हेच करतात.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या टप्प्याचं वर्णन करताना कष्टाळूपणा विरुद्ध न्यूनगंड अशी जोडी मांडली होती. मला काही जमतं की नाही, हा या वयाचा मुख्य प्रश्न. आणि घरातलं भांडण मिटवणं ही एकच गोष्ट अशी आहे जी त्याला मनापासून करायची आहे आणि जमत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो कधी मिटलाच नाही. त्या घरांतली बरीच मुलं पुढे उभी राहिली हे खरं. पण कशाच्या बळावर? त्यांना एकदा निवांत बसवून विचारा की तेव्हा घरात जेवण कसं यायचं, कोण उधार द्यायचं, पोरं संध्याकाळी कुठे असायची. गिरणगावात बायका खानावळी चालवत होत्या. प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून 1975 मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, संपाच्या सात वर्षं आधी. चाळीच्या गॅलरीत दारं उघडी असत. एका खोलीत भांडण जुंपलं की पोर शेजारच्या काकूंकडे जाऊन जेवे, तिथेच झोपे, आणि त्यात कुणाला काही वाटत नसे. उपासमारीने पोरं खंबीर झाली नाहीत. उपासमार असतानाही त्यांच्याभोवती माणसं होती. तुमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या दोन्ही बाजूंना बंद दारं आहेत. आणि जी मुलं त्या काळात वाया गेली, शाळेतून सुटली, भलत्या संगतीला लागली, त्यांच्या गोष्टी आजी नातवाला सांगत नाही. साहजिक आहे.

पैशाची तंगी मुलापर्यंत कशी पोहोचते, यावर अमेरिकेत चांगलं काम झालं आहे. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी 1930 च्या दशकातल्या महामंदीत वाढलेल्या ओकलंडच्या मुलांची जुनी माहिती घेऊन त्यांच्या आयुष्याचा माग काढला. त्यांचं पुस्तक 1974 मध्ये आलं. पुढे रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवाच्या शेतकरी कुटुंबांत, तिथली शेती कोसळल्यानंतर, हाच धागा तपासला. दोन्हीकडून दिसलं ते साधारण असं: उत्पन्न घटल्याचा धक्का मुलाला थेट फारसा बसत नाही. तो आईबाबांमधून जातो. पैसा आटतो, त्याची चिंता लागते, चिंतेने माणूस चिडका होतो किंवा गप्प होतो, नवरा-बायकोत फाटतं, आणि मग मुलाशी वागणं एक दिवस कडक, एक दिवस सैल, एक दिवस लक्षच नाही, असं होतं. मुलाला लागतं ते हे शेवटचं. महामंदीच्या त्या अभ्यासांत बापाचा चिडखोरपणा हा मुख्य दुवा निघाला होता, आणि तंगीच्या काळात वयाने अगदी लहान असलेल्या मुलग्यांना, थोड्या मोठ्या मुलांपेक्षा, त्याची झळ जास्त लागली होती.

यात वाईट बातमी आहे तशी चांगलीही आहे. नोकरी कधी मिळेल ते तुमच्या हातात नाही. पण नोकरी आणि मूल यांच्या मधली जी कडी आहे, ती बरीचशी तुमच्या दोघांच्या हातात आहे.

म्हणून मी येते तुमच्या त्या वाक्यावर, ‘मुलासमोर आम्ही भांडत नाही’. ताई, वन रूम किचनमध्ये ‘मुलासमोर नाही’ अशी जागा नसते. स्वयंपाकघर आणि हॉलमध्ये सहसा एक पडदा असतो, फार तर एक लाकडी दार. मूल डोळे मिटून पडलेलं असतं आणि ऐकत असतं. त्याला भांडणाची सुरुवात कळते, मधला आवाज कळतो, आपलं नाव किंवा ‘फी’ आली की तर लख्ख कळतं. कळत नाही तो शेवट, कारण तोवर तुम्ही दमून आवाज खाली आणलेला असतो, किंवा सकाळी दोघंही काही झालंच नाही असं वागता. म्हणजे त्याच्या वाट्याला भांडणाचा सगळा ताप येतो, आणि ते मिटल्याचा दिलासा तेवढा येत नाही.

मार्क कमिंग्ज या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आईबापांच्या भांडणावर मुलं कशी प्रतिक्रिया देतात, हे वर्षानुवर्षं तपासलं. त्यांचा एक निष्कर्ष मी जवळपास प्रत्येक आईबाबांना सांगते: मुलं भांडण किती मोठं होतं यापेक्षा ते कसं संपलं यावरून घर सुरक्षित आहे की नाही हे ठरवतात. मिटलेलं भांडण पाहिलं की त्यांचा ताण बराच उतरतो. ते आतल्या खोलीत मिटलं आणि नंतर मुलाला तसं सांगितलं, तरीही उपयोग होतो. उलट अबोला मुलांच्या लेखी भांडणच असतो, आवाज नसला तरी. आणि मुलावरून झालेलं भांडण सगळ्यांत जास्त लागतं.

तेव्हा भांडण बंद करा असं मी सांगणार नाही, हप्त्याचा प्रश्न आहे तोवर ते होणार नाहीही. शेवट दाखवा. सकाळी डबा भरताना, दोघंही तिथे असताना, साध्या आवाजात: ‘काल रात्री आमचं पैशांवरून वाजलं. मी जरा जास्तच बोलले. आज आम्ही ठरवलंय, गावच्या काकांकडून दोन महिन्यांपुरते पैसे घ्यायचे. तुझ्यामुळे नव्हतं ते.’ एवढंच. शेवटचं वाक्य वगळू नका, तुम्हाला ते अनावश्यक वाटलं तरी. मिटलं नसेल तर मिटलं असं खोटं सांगू नका, तो चेहरा वाचतो. ‘अजून ठरलं नाही, पण आम्ही दोघं मिळून बघतोय’ हेही चालतं. आणि महिन्याच्या हिशेबाचं बोलणं झोपायच्या वेळेला करूच नका. रविवारी दुपारी सासूबाई मुलांना घेऊन खाली बागेत गेल्या की तासभर बसा. रात्री साडेअकराला दमलेल्या दोन माणसांनी काढलेला पैशांचा विषय सहसा माहेर-सासरवर जाऊन थांबतो.

हे सगळं शब्दांच्या भांडणाबद्दल आहे. हात उगारला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील, दारू असेल, तर वरचं काही लागू नाही. तिथे आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता. मदतीचे फोन: महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098.

बाबांची नोकरी गेली हे त्याला कुणी समोर बसून सांगितलं आहे का? बहुतेक नसेल. मुलाला ते कळलेलं असतं, पण कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून विचारायची चोरी होते. बाबांनीच सांगावं. काय बदलणार (हॉटेल नाही, नवी सायकल यंदा नाही), काय बदलणार नाही (शाळा तीच, घर तेच, दूध आणि वह्या येणार), आणि तू काय करायचं (अभ्यास, खेळ, बाकी आमचं काम). जे खात्रीने सांगता येत नाही त्याचं वचन देऊ नका. दुसरीकडे, तुम्ही एकट्या असताना ‘आता तूच माझा आधार रे बाळा’ असं त्याला म्हणत असाल, तर ते थांबवा. प्रेमाने म्हणता हे मला माहीत आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला आईचं दुःख पेलायला दिलं की तो ते खरंच पेलायला बघतो, आणि मग शाळेत जाणं म्हणजे आईला सोडून जाणं होतं.

पुढचा भाग तुमच्या यजमानांना वाचायला द्या. दादा, घरी असण्याची लाज वाटते तेव्हा माणूस मोबाइलमध्ये तोंड घालतो, कुणी हाक मारली की खेकसतो. मुलाला वाटतं, बाबा माझ्यावर चिडलेत. या घरात सगळ्यांत मोठा बदल सध्या तुम्ही करू शकता, कारण वेळ तुमच्याकडे आहे. त्याला शाळेत सोडायला तुम्ही जा. रोज, चालत, जाता-येता. त्या वीस मिनिटांत अभ्यासाचा विषय काढू नका. समोरासमोर बसवून ‘बोल, काय होतंय तुला’ असं विचारलं की या वयाची मुलं मिटतात. शेजारी चालताना आपोआप बोलतात. आणि संध्याकाळी इंटरव्ह्यूहून परत आलात की ‘आज जमलं नाही, मंगळवारी दुसरीकडे जायचंय’ हे त्याच्यासमोर मोठ्याने म्हणा. कणखरपणा शिकवायचा आहे ना, तर तो तिथे बघायला मिळेल.

आता तुमच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न, काही मुलं इतक्या सगळ्यातून नीट बाहेर पडतात ती कशी? हवाई बेटांपैकी कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 बाळांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी काही दशकं काढला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार असा बोजा ज्यांच्यावर लहानपणीच पडला होता, त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही आत्मविश्वास असलेली, दुसऱ्याची काळजी घेणारी, कमावती माणसं झाली. त्यांच्यात काही अलौकिक नव्हतं. घरातलं किंवा बाहेरचं निदान एक मोठं माणूस त्यांच्यावर जीव लावणारं होतं, मग ती आजी असो, मावशी असो की शिक्षक. एखादी गोष्ट त्यांना चांगली जमत होती. आणि घरात त्यांच्या वाट्याला एखादं खरं काम होतं, ज्यावाचून कुणाचं तरी अडायचं. अॅन मास्टन यांनी 2001 मध्ये या विषयाचा आढावा घेताना हेच म्हटलं की मुलांचं तग धरणं अगदी साध्या, रोजच्या गोष्टींतून येतं.

ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांचं निरीक्षण तर मला रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडतं. घरात एकच अडचण असेल तर मुलावर तिचा परिणाम फारसा दिसत नाही. दोन-तीन एकत्र आल्या की धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. म्हणजे सगळं सोडवत बसायची गरज नाही. ओझ्यातलं एक काढलं तरी फरक पडतो, आणि ते स्वस्तातलं, लगेच निघणारं निवडावं.

तुमच्या घरात ते कोणतं, तर माझ्या मते झोप. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. मूल हॉलमध्ये झोपतं, हॉलमध्ये टीव्ही आहे, आजीची मालिका साडेदहापर्यंत, मग तुमचं जेवण, मग ते बोलणं, आणि सकाळी साडेसहाला उठायचं. गणित जमत नाही. साडेनऊला टीव्ही बंद. सासूबाई रागावतील, त्यांना सांगा, नातवाच्या पोटासाठी आहे, मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर लावून द्या. त्यांना तुम्ही या कामात ओढलंत तर त्या या घरातलं सगळ्यांत मोठं बळ आहेत. तुमचं म्हणणं खरं ठरवायला त्यांच्यासमोर मुलाची साक्ष काढू नका, त्यांनीही तुमच्यासमोर काढू नये. आजी की आई, ही निवड करायला लावली की पोटदुखी जात नाही.

‘जमणारी गोष्ट’ कोणती, हे त्याला विचारा. मल्लखांब, चित्रकला, गल्लीतलं क्रिकेट, सोसायटीच्या गणपतीत ढोल, काहीही. फीचा क्लासच हवा असं नाही. निकष एवढाच की त्यात त्याला स्वतःची सुधारणा दिसली पाहिजे आणि आठवड्यातून काही वेळा तिथे एक शहाणं मोठं माणूस भेटलं पाहिजे. शिष्यवृत्तीच्या तयारीला मी यात धरत नाही. घरातलं काम म्हणाल तर पाण्याच्या वेळेला पिंप भरणं किंवा किराण्याची यादी त्याच्याकडे द्या, आणि दिलं की मागून उभं राहून तपासू नका.

बहिणीला मारणं मात्र चालवून घ्यायचं नाही. हात धरा, बाजूला करा, ‘राग आला तर चालेल, मारलेलं चालणार नाही’, संपलं. त्यावर ‘तू मोठा ना’ हे भाषण नको. मोठा होऊनच तो दमलाय.

सहा-आठ आठवडे हे करून पाहा. पोटदुखी एकदम थांबणार नाही, आधी दोन दुखण्यांमधलं अंतर वाढेल. त्या काळात, नेहमीसारखंच दुखत असेल तर त्याला घरी ठेवू नका. गरम पाण्याची पिशवी, पाच मिनिटं जवळ, आणि शाळा. बाईंना थोडक्यात कल्पना द्या, म्हणजे वर्गात दुखलं तर पाणी पिऊन, जरा बसून पुन्हा बाकावर जाता येईल. आठवड्याहून जास्त शाळाच टाळू लागला, खाणं-खेळणं सुटलं, मित्रांपासून तुटला तर थांबू नका. आणि ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं चिडूनसुद्धा बोलला, तर त्याच आठवड्यात दाखवा. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे आणि मुलांनाही तपासतात. बाहेरच्या मानाने खर्च नाममात्र. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीतही. हा फोन तुमच्या स्वतःसाठीही आहे: सगळ्यांचा हप्ता, डबा आणि अबोला तुम्ही उचलता आहात, आणि तुमची झोप कशी आहे ते तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही.

पहिल्या भेटीला शक्यतो दोघांनी जा. यजमान आले नाहीत तरी भेट रद्द करू नका.